कोंड्याऐवजी शेंगदाणे

गुरुवारी सकाळी पुण्याची एसटी पौडला लागते त्या सुमाराला मी अजूनही हातातलं काम टाकून दारात येते. गाडीतून आता माझ्याकडे कोणी येणार नसतं, हे मला चांगलं ठाऊक असतं. समोरचा किराणावाला सवयीने विचारतो, "डॉक्टरीणबाई, कुनाची वाट बघताय?" मी म्हणते, "कोणाची नाही, वारा खातेय." मग आत येऊन पुढच्या बाळाला वजनकाट्याच्या झोळीत घालते.

ज्यांची वाट बघते त्या माझ्या मॅडम. पुण्याच्या ज्या रुग्णालयात मी लहान मुलांच्या आजारांचं शिक्षण घेतलं, तिथल्या बालविभागाच्या त्या प्रमुख होत्या. ठेंगणा बांधा, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत स्टेथोस्कोप, विद्यार्थ्यांचे पेपर आणि भाजलेले शेंगदाणे गुण्यागोविंदाने नांदत. वॉर्डात फिरताना मॅडम दाणे तळहातावर चोळून सालं फुंकायच्या, आणि मागून चालणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांच्या एप्रनवर ती सालं येऊन बसायची. रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली येई, आणि तो खाली आला की भल्याभल्यांची बोबडी वळे.

त्यांची माझ्यावर माया होती का, हे मी कधी विचारलं नाही. तसलं काही विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. पण आयुष्यात एकदा मी त्यांना नाही म्हटलं, आणि पुढे कितीतरी वर्षं मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: त्या नकारानंतरही मी त्यांची राहिले का? या प्रश्नापायी मी जेवढी झुरले, तेवढी लग्न केलं असतं तर नवऱ्यासाठीही झुरले नसते.

आमची ओळख तशी फटकळपणातूनच झाली. वॉर्डातल्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठली तू?"

"पौडची."

"पौडला काय आहे?"

"माणसं आहेत," मी म्हणाले.

बाकीचे विद्यार्थी गार झाले. मॅडमनी दोन दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले आणि म्हणाल्या, "बरं झालं. उत्तर देणारं कोणीतरी आलं."

आमचं घर बांगड्यांचं. पौडच्या पेठेत अब्बांचं हातभर दुकान होतं, आणि अम्मा डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव बांगड्या भरायला जायची. कासार आंबोलीपासून पार धरणाच्या काठापर्यंत असं घर नव्हतं, जिथल्या बायकांचे हात तिने दाबले नव्हते. डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या भरायला अम्मा, बारशाला बाळंतिणीच्या हातात नवा चुडा भरायला अम्मा. आम्ही मुसलमान, ती घरं शेतकरी मराठ्यांची. पण बांगडी भरायची तर हात हातात घ्यावा लागतो, आणि हात हातात घेतला की बायका मनातलं बोलतात. अम्माची बोलीही त्यांचीच झाली होती. मी डॉक्टर झाले तेव्हा सगळीकडे एकच बोलबाला, "बांगडीवालीची पोर डागदरीन झाली." मला ते मुळीच आवडायचं नाही. मला नुसती डॉक्टरीण व्हायचं होतं, कोणाची पोर वगैरे नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या काळी संशोधनासाठी अनुदान मिळणं ही मोठ्या शहरातल्या, मोठ्या घरातल्या मुलांची मक्तेदारी होती. ज्यांचे वडील डॉक्टर, काका डॉक्टर, त्यांना कुठे अर्ज करायचा आणि कोणाला भेटायचं हे जेवताना ताटावरच कळायचं. मला तर असं काही असतं याचाच पत्ता नव्हता. मॅडम अशा एका समितीवर होत्या. तिथे भांडून त्यांनी एक गोष्ट मान्य करून घेतली होती. नव्याने पास झालेल्या बालरोगतज्ज्ञांना जी अनुदानं मिळतात, त्यातलं एक तरी अशा घरातल्या मुलाला किंवा मुलीला द्यायचं, ज्या घरातलं कोणी याआधी डॉक्टरच्या खुर्चीत बसलेलं नाही. आणि त्याच्या जोडीला एक मार्गदर्शक द्यायचा. त्याने नुसती सही ठोकायची नाही, दर आठवड्याला जाऊन शेजारी बसायचं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, एवढा वेळ कोणाला आहे? मॅडम म्हणाल्या, "मला आहे. गुरुवारी माझी ओपीडी नसते."

माझा विषय त्यांनी सुचवला नाही, माझ्याकडून काढून घेतला. आमच्याकडची बाळं पहिले काही महिने चांगली गुटगुटीत असतात आणि मग एकाएकी वाढायची का थांबतात, हे मला लहानपणापासून पडलेलं कोडं होतं. मी ते इंग्रजीत लिहून नेलं. मॅडमनी कागद पालथा घातला. "आधी सांग, मग लिही. मला मराठीत सांगता आलं तर तुला कळलंय असं समजायचं. इंग्रजीचं मग बघू." मी सांगितलं. मध्येच अडले, चिडले, पुन्हा सांगितलं. मुलाखतीपर्यंत त्यांनी माझ्याकडून ते इतक्या वेळा वदवून घेतलं, की समितीसमोर माझी इंग्रजी अडखळली तरी मी अडखळले नाही. अनुदान मिळालं. तालुक्यातल्या गावांमधून जन्मलेल्या बाळांची वर्षभर दर महिन्याला वजनं घ्यायची आणि ती कुठे अडतात ते शोधायचं, असं काम ठरलं. पेठेत दवाखान्यासाठी खोली घेतली, काटा आणला, झोळ्या शिवल्या.

पहिल्या गुरुवारी मॅडम पौडला आल्या, तेव्हा अम्मा घरी थांबलेली होती. तिने नवी साडी नेसलेली पाहूनच मला शंका यायला हवी होती. चहा झाल्यावर ती आतून सूप घेऊन आली. सुपात भातगिरणीचा कोंडा होता. तिने ते मॅडमपुढे ठेवलं आणि माझा दंड धरून मला त्यांच्यासमोर उभं केलं, भरल्या वयाच्या डॉक्टरणीला.

"बाई, हिच्या आदी माजी दोन गेली," अम्मा म्हणाली. "ही जलमली तवा कासार आंबोलीच्या पाटलीनबाईला मूठभर कोंड्यावर विकली, म्हनून ऱ्हायली. आता एवढं मोठं काम मिळालंय हिला. नजर लागंल. पुन्यांदा विकते. तुमी घ्या."

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथे नवं जन्मलेलं लेकरू दुसऱ्या बाईला कोंड्यावर विकायची रीत आमच्या भागात होती. कितीतरी जणांची नावंसुद्धा या कोंड्यावरूनच पडलेली. घेणारीने आईच्या ओंजळीत मूठभर कोंडा घालायचा; लेकरू राहायचं आईजवळच, पण म्हणायचं ते त्या बाईचं. कोंड्याला किंमत नसते, म्हणून अशा लेकरावर कोणाची नजर पडत नाही. जावळ काढायच्या दिवशी घेणारी बाई अंगडं-टोपडं घेऊन येते, आईबाप तिला मूठभर कोंडा परत देतात आणि आपलं लेकरू सोडवून घेतात. माझंही तसंच झालं होतं. नजर लागू नये म्हणून तेव्हा नाकाला टोचलेलं भोक अजून आहे.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडमनी सुपाकडे पाहिलं, अम्माकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पिशवीत हात घातला आणि मूठभर शेंगदाणे काढून अम्माच्या ओंजळीत ठेवले.

पाहुण्या बाईला कसं बोलणार? अम्माने दाणे पदरात बांधले. पण मॅडमची गाडी गेली आणि तिची बडबड सुरू झाली. "फुडं कोंडा ठिवलाय आन शेंगदाने देतीया. खरी किंमत दिली बाईनं. ह्येला इक्री म्हनत्यात, रीत न्हाई. शहरातलं मानूस, तिला काय ठावं." पुढे वर्षानुवर्षं ती हे उगाळायची. मला बरं नसलं की शेंगदाणे, मी उशिरा घरी आले की शेंगदाणे, मी लग्नाला नाही म्हटलं तेव्हा तर सगळा दोष त्या शेंगदाण्यांवरच आला.

काम मात्र पहिल्याच महिन्यात अडलं. बाळंतिणी बाळांना वजन करू देईनात. मी पांढरा एप्रन घालून, काटा खांद्याला अडकवून जायची. घराच्या आढ्याला काटा टांगायची आणि बाई बाळाला पदराखाली घेऊन आत निघून जायची. धरणाच्या काठच्या एका गावातली तरुण बाई मला आठवते. तिचं पहिलं बाळ गेलेलं, हे दुसरं. ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "तोलायला लेकरू म्हंजी काय भाजी हाय? तोललं की गिऱ्हाईक येतंय. आमच्याकडं येकदा येऊन गेलंय त्ये."

मी तिला समजावलं, शास्त्र सांगितलं, शेवटी आवाजही चढवला. माझा स्वभाव काही गोड नाही. ती जागची हलली नाही. मी तणतणत घरी आले आणि अम्मापुढे सगळं ओकले. अम्मा बांगड्यांची माळ ओवत होती. तिने विचारलं, "कुनाची सून?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन माझ्याबरोबर निघाली. एसटीने जाताना मी तिला बजावलं की मध्ये मध्ये बोलायचं नाही. तिने मान डोलावली, म्हणजे ती बोलणार हे मला कळलं.

त्या घरी पोचल्यावर अम्माने टोपली उतरवली, पाणी प्याली, सुनेचा हात हातात घेऊन चार बांगड्या भरल्या आणि म्हणाली, "गिऱ्हाइकाला भितीस व्हय? मग मीच गिऱ्हाईक. आन सूप."

बाई आत गेली आणि बाळाला सुपात घालून घेऊन आली. अम्माने कमरेच्या पिशवीतून कोंडा काढून तिच्या ओंजळीत घातला. बाळ उचललं, माझ्या झोळीत ठेवलं आणि म्हणाली, "आता ह्यो माल माजा. मी तोलीन न्हाईतर न तोलीन. बग ग काटा." काटा हलला, थांबला. मी वजन वाचलं. बाई भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटून. बाळ परत हातात दिल्यावर तिने डोळे उघडले आणि आम्हाला गुळाचा चहा केला.

त्यानंतर बातमी वाऱ्यासारखी पसरली. पुढच्या गावांतून बायका आपणहून सूप घेऊन पुढे येऊ लागल्या. पण अम्मा प्रत्येक ठिकाणी कुठून येणार? मग बायका म्हणू लागल्या, "बांगडीवालीची पोर घिऊंदे की, तीबी चालंल." जे नाव मला नको होतं, त्याच नावावर माझं संशोधन चालू झालं. एप्रन मी दवाखान्यात ठेवून दिला. पिशवीत एका बाजूला झोळ्या आणि दुसऱ्या बाजूला कोंडा, अशी मी तालुकाभर लेकरं विकत घेत फिरले. नेरे गावाच्या बाजूला ही रीत फारशी नव्हती, तिथल्या बायका मला हसायच्या, पण हसत हसत बाळ द्यायच्या.

हे सगळं मॅडमना सांगायची मला धास्ती होती. शास्त्रात कोंडा कुठे बसतो? गुरुवारी त्या आल्या, नेहमीसारखी खुर्ची दाराकडे ओढून बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. मी चाचरत सुरुवात केली. "असं नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग. सूप कोणी आणलं, बाळ कोणी उचललं, सगळं." मी सांगत गेले. शेवटी सालं फुंकून म्हणाल्या, "आता हेच लिही. लपवायचं काही नाही. वजन कसं मिळालं हे सांगितलं नाही, तर वजनावर कोणी का विश्वास ठेवावा?"

ते गुरुवार मला परत हवे आहेत. दुसरं काही नको, नुसते ते गुरुवार. दुपारची झळ आणि खोलीत भरून राहिलेला दाण्यांचा खमंग वास, आणि आम्ही दोघी कागदांवर वाकलेल्या. मॅडम माझी वाक्यं खोडत. का खोडलं ते कधी सांगत नसत, मला शोधायला लावत. मी हुज्जत घाले. एकदा चिडून म्हणाले, "तुम्हीच लिहा मग." त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी लिहिलं तर माझं होईल." त्या दिवशी मी परत हुज्जत घातली नाही. संध्याकाळच्या गाडीला त्यांना सोडायला मी स्टँडवर जायची. गाडी हलली की त्या खिडकीतून हात बाहेर काढून सालं झटकायच्या, तोच त्यांचा निरोप.

वर्ष सरत आलं तसं कोडं सुटू लागलं. बाळांची वजनं लावणीच्या दिवसांत अडत होती. आया दिवसभर भातखाचरात वाकलेल्या आणि बाळं घरात पाच-सहा वर्षांच्या बहिणींच्या मांडीवर. दूध मिळे ते सकाळी आणि तिन्हीसांजेला. बायकांनाच विचारून आम्ही मऊ भाताची पेज, त्यात कुटलेले शेंगदाणे असं काहीतरी बसवलं, जे सहा वर्षांची पोरगीही बाळाला भरवू शकेल. शेंगदाणे कोणाच्या पिशवीतून आले ते सांगायला नको. पुढच्या लावणीत वजनं तेवढी अडली नाहीत. एका मोठ्या परिषदेत मी ते वाचून दाखवलं. बाळं कोंड्यावर विकत घेतल्याचं वाक्य आलं तेव्हा पहिल्या रांगेत हशा पिकला. मी थांबले. सभागृहाच्या मागच्या बाजूला मॅडम उठून उभ्या राहिल्या, नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मी पुढे वाचायला लागेपर्यंत बसल्या नाहीत.

त्याच परिषदेतून पुढचं निघालं. परदेशातल्या एका संस्थेत मुलांच्या वाढीवर काम चालायचं. तिथे तीन वर्षं राहून शिकण्यासाठी एक जागा आणि पूर्ण अनुदान होतं. आमच्यासारख्या घरातून तिथे कोणी गेलेलं नव्हतं. मॅडमनी माझ्यासाठी किती जणांशी वाकडेपणा घेतला असेल, ते मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. गुरुवारी येऊन त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "झालं तुझं. श्रावण संपला की निघायचं."

मला जायचं होतं. हे मी स्पष्ट लिहिते, कारण लोक मला त्यागमूर्ती करायला टपलेले असतात. मला तो देश बघायचा होता, ती प्रयोगशाळा बघायची होती, बर्फ बघायचा होता. कोणाचीही पोर नसलेली अशी मी तिथे हिंडणार होते. मी गरम कोटाचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं.

पण जावळं व्हायची होती. विकत घेतलेली लेकरं दीड-दोन वर्षांची झाली होती, आणि त्यांची जावळं याच तीन वर्षांत निघणार होती. घेणारी बाई आल्याशिवाय वस्तरा लावत नाहीत आणि लेकरू सुटत नाही. अम्माचे गुडघे गेले होते, ती माझ्या वतीने फिरू शकत नव्हती, तिने घेतलेल्या लेकराचं जावळही माझ्यावरच आलं होतं. मी त्या बायकांना विचारून पाहिलं, परत आल्यावर चालेल का? त्या धरणकाठच्या बाईने बाळाला छातीशी धरून इतकंच विचारलं, "तवर ह्यो कुनाचा?"

त्या रीतीवर माझा विश्वास होता का? नव्हता. माझ्या विश्वासाचा प्रश्नच नव्हता. त्यांनी डोळे मिटून मला लेकरं दिली होती.

पुढच्या गुरुवारी मी मॅडमना नाही म्हणाले. सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्यांनीच लावलेल्या सवयीने. त्या ऐकत होत्या. पिशवीवरचा हात तसाच राहिला, दाणे काही बाहेर आले नाहीत. शेवटी म्हणाल्या, "माझे वडील जावळं काढायचे. गावचे न्हावी होते. मी शिकले ती त्यावरच." एवढ्या वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. पुढे काही बोलतील म्हणून मी थांबले. त्या चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मी कळवते तिकडे." त्या दिवशी गाडी हलल्यावर खिडकीतून हात बाहेर आला नाही.

ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. माझ्या अनुदानाचे दिवस संपेपर्यंत मॅडम येत राहिल्या, माझे कागद तपासत राहिल्या, मग मुदत संपली आणि गुरुवारही संपले. त्यांची निवृत्ती झाली आणि त्या सोलापूरकडे भावाच्या घरी राहायला गेल्या. मी लेकरांची जावळं केली. अंगडी-टोपडी घेऊन गावोगाव गेले, मूठमूठ कोंडा परत घेतला, लेकरं त्यांच्या आयांना दिली. एकेक परत देताना मला हलकं वाटायला हवं होतं. पण प्रत्येक वेळी घरी येताना एकच विचार यायचा, की ही सगळी सुटली, सोडवून घेतली गेली, आणि मी? मला ज्यांनी घेतलं त्यांनी मला मनातून केव्हाच टाकून दिलं असेल. दिवाळीला मी भेटकार्ड पाठवायची. उलट त्यांचंही यायचं, त्यावर नुसती सही.

मध्ये बरीच वर्षं गेली. अम्माला दिसायचं कमी झालं, ती दवाखान्याच्याच एका कोपऱ्यात बाजेवर बसून येणाऱ्या बायकांचे हात चाचपायची आणि बांगड्या कुठल्या ते ओळखायची. ऐंशीचं दशक संपायला आलं होतं. एका सकाळी मी बाळ तपासत होते. दारात कोणाची तरी सावली आली आणि त्या पाठोपाठ भाजलेल्या दाण्यांचा वास.

मॅडम वाळल्या होत्या. चष्मा आणखी जाड झाला होता. बरोबर एक उंच, सावळी मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, नजर जमिनीवर. मी खुर्ची दाराकडे ओढली, तेवढंच सुचलं. मॅडम बसल्या. भावाच्या घरी करमत नाही, तिथे एक मूल रडत नाही दिवसभर, म्हणून पुण्याला परत आले, असं म्हणाल्या. समितीवरचं आपलं नाव त्यांनी अजून सोडलं नव्हतं. ही मुलगी आमच्याच डोंगरातली, धनगरवाड्यावरची. नुकतीच बालरोगाची परीक्षा पास झालेली. या वर्षीचं अनुदान हिला मिळालं होतं.

"मार्गदर्शक कोण?" मी विचारलं.

मॅडमनी मुलीचा दंड धरून तिला माझ्यासमोर उभं केलं आणि मोकळा हात पुढे केला. "कोंडा आण," त्या म्हणाल्या. "हिला विकायला आणलंय."

मुलगी बिचारी गोंधळून इकडेतिकडे बघत होती. अम्मा बाजेवर ताठ झाली. "ही शेंगदान्यावाली न्हवं का?" तिने विचारलं. मग मी आतल्या खोलीकडे वळले तशी ओरडली, "कोंडाच दे ग. शेंगदाने दिऊ नगंस. ह्यांनी केलं तसं करू नगंस. शहरातलं मानूस, त्यांना काय ठावं न्हवतं."

"मला ठाऊक होतं, अम्मा," मॅडम म्हणाल्या.

मी आतल्या दारात थांबले.

"मी शहरातली नव्हे, न्हाव्याची लेक. कोंड्यावर घेतलेल्या पोरांची जावळं आमच्या अंगणात निघायची. तुम्ही सूप पुढ्यात ठेवलंत, त्यातला कोंडा मला दिसला नसेल का?"

"मंग?" अम्मा म्हणाली.

"कोंड्यावर घेतलेलं लेकरू परत द्यावं लागतं."

अम्माने हाताने बाजेची दोरी चाचपली. मग म्हणाली, "म्या तरी कवा मागं मागितली? तुमचीच हाय ती."

मी कोंड्याच्या डब्यात हात घातला, पण मूठ वळेना. इतकी वर्षं जे विचारायची हिंमत झाली नव्हती, त्याचं उत्तर पहिल्या गुरुवारीच अम्माच्या पदरात बांधलेलं होतं, आणि आम्ही दोघी मायलेकी त्याला चूक म्हणत बसलो होतो. मी आत उभी राहून रडले. बाहेर ऐकू जात होतं, जाऊ दे म्हटलं.

बाहेर येऊन मी मॅडमच्या हातावर कोंडा ठेवला. त्यांनी तो रुमालात बांधला आणि पिशवीत दाण्यांच्या शेजारी ठेवला. मुलीने पिशवीतून तिचे लिहिलेले कागद काढून माझ्यापुढे धरले. मी ते हातात घेतले नाहीत. "आधी सांग," मी म्हणाले. ती घसा खाकरून सांगू लागली, आणि मॅडम खुर्चीत मागे रेलून दाणे चोळू लागल्या.

संध्याकाळी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. गाडीत चढून खिडकीशी बसल्यावर त्यांनी काच वर सरकवली आणि विचारलं, "गुरुवारची सकाळची गाडी अजून त्याच वेळेला येते का ग इथे?"

"त्याच वेळेला," मी म्हणाले.